पाणी घेतलं, जेवण नाही

आमचं गाव वेळापूर. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं. बाहेरच्या लोकांना ते दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक म्हणजे अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन मंदिर आणि दुसरी म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम. खुडूसचं रिंगण उरकून पालखी आमच्याकडे येते, एक रात्र थांबते आणि पुढे भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला जाते. त्या रात्री गावात एकही ओटा रिकामा नसतो. आमचाही नसायचा.

मी सातवी-आठवीत असेन. पाऊस भुरभुरत होता. परभणीकडची एक म्हातारी वारकरीण आमच्या ओट्यावर येऊन टेकली. डोक्यावर तुळस, पायाला चिखल. दादी बाहेर आली. दादीची एक सवय होती, ती आधीच सांगून टाकायची, म्हणजे नंतर कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये.

"मावशी, आमी मुसलमान हाय बरं का. च्या टाकू? भाकरी-आमटी हाय, ती बी देते."

मावशीने जरा विचार केला आणि म्हणाली, "पाणी दे बाई. खायाचं न्हाई चालत, माळ हाय गळ्यात. तुमच्यातलंच असं न्हाई. माज्या सुनंच्या माहेरातबी खात न्हाई मी. तिकडं वशाट शिजतंय."

ती दोन तांबे पाणी प्यायली. फडक्यात बांधलेली आपली भाकरी सोडून खाल्ली. दादीने दिलेली वाकळ पांघरून आमच्याच ओट्यावर झोपली. पहाटे उठून दादीच्या गालावरून हात फिरवला, "येते गं बाई" म्हणाली आणि दिंडीत मिसळून गेली.

मला राग आला होता. आमच्या घरचं पाणी चालतं आणि भाकरी चालत नाही, हे काय? दादी मात्र शांत होती. "उसका उसूल उसके पास," ती म्हणाली. "पानी तो पी ना अपने घर का."

आता दुसरी गोष्ट. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यात खोली शोधत होतो. फोनवर बोलणं झालं, भाडं ठरल्यासारखं झालं. घरी गेलो तर काकूंनी पोहे केले होते. काकांनी आपुलकीने विचारलं, "वेळापूर म्हणजे पालखीच्या वाटेवरचं ना? आम्ही एकदा चाललो आहोत वारीत." मी पोहे खाल्ले, चहा घेतला. मग काकांनी कागद पुढे ओढला आणि पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो!"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी मुसलमानाने आयुष्यात कधी ना कधी ऐकलेलं असतं. दिसायला ते कौतुक असतं. त्याचा खरा अर्थ इतकाच की आता तुम्ही आमच्यातले राहिला नाहीत. पुढचं मला पाठ होतं. "आमच्याकडे नॉनव्हेज अजिबात चालत नाही." मी म्हणालो, मी खोलीत काही शिजवणारच नाही, मेस लावली आहे. त्यावर काका म्हणाले, "तसं नाही हो. पण आमचे पाहुणे यायचेत गावाकडून, त्यांना खोली लागेल."

या दोन गोष्टी मी पुष्कळ वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो आहे. वरवर पाहिलं तर मावशीने आम्हाला जास्त दुखवलं. तिने तोंडावर सांगितलं की तुमच्या घरचं अन्न मी खाणार नाही. काका-काकूंनी तर खाऊ घातलं. रीतभात त्यांच्याकडे जास्त होती, शब्द गोड होते. तरीही मावशीची आठवण आली की बरं वाटतं आणि त्या पोह्यांची आठवण आली की आजही घशात काहीतरी अडकतं.

असं का होतं? माझ्यापुरतं उत्तर सापडलं आहे. मावशीने रेघ ओढली ती स्वतःभोवती. मी काय खाईन, माझ्या गळ्यातल्या माळेला काय चालेल, एवढंच ती सांगत होती. तिचा नियम सुनेच्या माहेरालाही तोच होता. काकांनी रेघ ओढली ती माझ्याभोवती. मी काय खातो याच्याशी त्याचा संबंध नव्हता, कारण मी खोलीत शिजवणार नाही म्हटल्यावरही ती रेघ तसूभर हलली नाही.

नावड आणि पूर्वग्रह यांच्यातली सीमा मला इथे दिसते. नावड माणसाची स्वतःची असते. ती दुसऱ्याच्या एखाद्या कृतीपुरती असते आणि ती कृती नसेल तर संपते. पूर्वग्रहाला कृती लागतच नाही. त्याला नाव पुरतं.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहावर एक पुस्तक लिहिलं. आजही या विषयाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. त्यातला एक मुद्दा साधा आहे. माणूस माहिती नसताना काहीतरी अंदाज बांधतोच आणि ते चूक असलं तरी गुन्हा नव्हे. नवी माहिती समोर आल्यावरही जो अंदाज बदलत नाही, तो पूर्वग्रह. म्हणजे सुरुवातीला काय वाटलं यापेक्षा कळल्यानंतर काय केलं, हे महत्त्वाचं.

आमच्याकडच्या वाचकांना हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने माहीत आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग येतो. पैगंबरांसमोर (स.) भाजलेला 'दब्ब' ठेवला गेला. दब्ब म्हणजे वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी. काय आहे ते कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी विचारलं की हे हराम आहे का? उत्तर आलं ते असं: हराम नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात हे नसतं, म्हणून मला ते नकोसं वाटतं. मग खालिद यांनी ते आपल्याकडे ओढलं आणि त्यांच्या देखत खाल्लं.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. अरबस्तानात ज्यांच्या शब्दावर लोक जीव टाकत, त्यांनी स्वतःच्या नावडीला कायदा केलं नाही. मला आवडत नाही, एवढंच सांगितलं आणि त्याचं कारणही दिलं ते सवयीचं. खाणाऱ्याला दस्तरखानावरून उठवलं नाही. नावड कशी बाळगावी याचा धडा हवा असेल तर तो इथे आहे.

आता रीतभातीकडे येऊ. गावात एका भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन घरांतही शिष्टाचार वेगळे असतात आणि त्यातून गैरसमज होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या घरी एका मोठ्या थाळ्याभोवती चौघं-पाचजण बसून जेवतात. आमच्यात ती बरकत. शेजारच्या घरात उष्टं-खरकटं यांचे नियम कडक. त्यांना आमचा थाळा पाहून शिसारी येते. उलट, आमच्यात पाण्याने स्वच्छ होणं, तहारत, याचे नियम बारीक. पाहुण्याच्या घरातलं कुत्रं येऊन पाय चाटू लागलं की माझी अम्मी आक्रसून बसते आणि त्या घरच्या बाईला वाटतं, हिला आमचं काहीच आवडत नाही.

शाळेत गुरुपौर्णिमेला सगळी पोरं सरांच्या पाया पडायची. मी हात जोडून उभा राहायचो, कारण घरी शिकवलेलं की माणसापुढे वाकायचं नाही. एका सरांना तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या सरांनी विचारलं, "का रे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं मग, सलाम कर." प्रश्न तिथेच मिटला. दोघांनाही सुरुवातीला खटकलंच होतं. फरक पडला तो विचारण्याने.

हे फक्त हिंदू-मुसलमानांतच होतं असंही नाही. आमच्या दख्खनीत नात्यातल्या मोठ्यांनाही 'तू' म्हणतात. लखनौकडच्या उर्दूत वाढलेल्या एका सोयऱ्यांना आमच्या घरी आल्यावर पहिल्या तासात वाटलं की हे सगळे बेअदब आहेत. पुण्याच्या माणसाला माळशिरसकडचं 'काय वं, कुठं निघालाय' भांडणासारखं ऐकू येतं. आम्हाला त्याचं 'आपण यावं' परकं वाटतं. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं १९६६ सालचं एक पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की घाण म्हणजे आपल्या मांडणीत चुकीच्या जागी आलेली वस्तू. चप्पल पायात असते तेव्हा घाण नसते, जेवणाच्या पाटावर ठेवली की घाण होते. शिसारी येते तेव्हा ती समोरच्याच्या घाणेरडेपणाचा पुरावा नसते. आपल्या घरची मांडणी वेगळी आहे, एवढंच ती सांगते.

इथपर्यंतचं वाचून काही मुस्लिम वाचकांना बरं वाटलं असेल. पुढचं कदाचित वाटणार नाही.

आपल्यावरची प्रत्येक तक्रार ही पूर्वग्रह नसते. बकरी ईदला गटारीतून रक्त वाहत असेल आणि शेजारी तक्रार करत असेल, तर तो द्वेष नव्हे. जुम्याच्या नमाजला आपण कुणाच्या दारात आडवी गाडी लावली आणि तो चिडला, तर तो इस्लामवर चिडलेला नसतो. तसंच, भल्या सकाळी देवळाच्या भोंग्याचा मला त्रास होतो, तेव्हा मीही हिंदूद्वेष्टा होत नाही. कृतीवरची तक्रार कृतीपुरती ऐकून घेण्याची सवय आपल्याला लावावी लागेल. सगळ्याच तक्रारींना 'द्वेष' म्हटलं की जिथे खरोखर द्वेष आहे तिथे बोलायला शब्दच शिल्लक राहत नाही.

२०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. २०२३ साली पंढरपुरात आणि राज्यातल्या इतर अनेक गावांत मुसलमानांनी ठरवलं की नमाज त्या दिवशी पढू, कुर्बानी दुसऱ्या दिवशी करू. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे शरियतचा काही अडसर नव्हता. आमच्या भागात कुणाला हे मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. ज्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं वारकरी झोपतात, त्यांना एकादशी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ही तमीज होती. त्याच आठवड्यात मीरा रोडच्या एका सोसायटीत एका रहिवाशाने बकरे घरी आणले म्हणून जमाव जमला, घोषणा झाल्या, हनुमान चालिसा म्हटली गेली. सोसायटीच्या आवारात कुर्बानी नको, हा नियम असू शकतो आणि तो पाळायला हवा. पण नियम सांगायला जमाव लागत नाही.

आता आपल्या घराकडे.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. रमजानचे दिवस. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या टाक्यातल्या पाण्याने त्यांनी हातपाय-तोंड धुतलं. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक मुसलमान म्हातारा ओरडत आला की यांनी टाकं बाटवलं. इतर मुसलमानही जमले, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही का? त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

रोजे असणारी माणसं होती ती. त्यांच्या मशिदीत कोण कुणाच्या शेजारी उभं राहील याला बंधन नव्हतं. तरी टाक्यापाशी त्यांना तेच सुचलं जे गावच्या सवर्णांना सुचलं असतं. आपण समतेचा धर्म सांगतो आणि गावगाड्याकडून उतरंड घेतो, असं आपलं होत आलं आहे. लग्न ठरवताना 'ते पिंजारी', 'ते कसाब', 'ते फकीर' हे आपल्या घरांत आजही हळू आवाजात बोललं जातं. आणि ते बोलणारी माणसं दुसऱ्या दिवशी मुसलमानांना घर मिळत नाही यावर लेख फॉरवर्ड करतात.

मी हे दुसऱ्यांबद्दल लिहून थांबलो असतो तर सोयीचं झालं असतं. पण मागच्या वर्षी माझ्या हातून जे झालं ते लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही.

आमच्या घरावर एक खोली काढली आहे. ती भाड्याने देतो. मागच्या जूनमध्ये एक तरुण शिक्षक खोली विचारत आला. जवळच्या शाळेवर बदली झाली होती. नीटनेटका, मवाळ बोलणारा. मी चहा सांगितला. बोलता बोलता आडनाव कळलं, मग गाव, मग समाज. तो पारधी समाजातला होता.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते प्रामाणिकपणे सांगतो. घरी दागिने कुठे आहेत, हे आलं. याचे नातेवाईक येतील, दहा-दहा जण मुक्काम ठोकतील, हे आलं. घोरपड, तितर, काहीबाही शिजवतील, हेही आलं. समोर बसलेल्या माणसाने यातलं एकही काम केलेलं नव्हतं. तो बी.एड. झालेला मास्तर होता आणि बशीत चहा ओतून पीत होता.

आणि मी म्हणालो, "खोली द्यायची होती सर, पण आमचे पाहुणे यायचेत गावाकडून."

शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ओळखीचे वाटले. वीस वर्षांपूर्वी पुण्यात ऐकलेलं वाक्य होतं ते. पोह्यांच्या जागी चहा होता, इतकाच फरक.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारध्यांसकट अनेक जमातींना त्यात जन्माने गुन्हेगार ठरवलं गेलं. आमच्या जिल्ह्याच्या गावी, सोलापुरात, अशा लोकांसाठी तारांच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले. त्या यादीत छप्परबंद होते, आणि छप्परबंद मुसलमान आहेत. म्हणजे नावावरून गुन्हेगार ठरणं काय असतं, हे माझ्या समाजाने तारेच्या आतूनही पाहिलेलं आहे. तरीही कायदा जाऊन सत्तर वर्षं झाल्यावर मी माझ्या ओट्यावर बसून तो एका मास्तरावर लागू केला.

माझ्या बाजूने मी काय काय म्हणू शकतो, तेही बघू. घर माझं आहे. कुणाला ठेवायचं हा माझा अधिकार आहे. कायदाही बराचसा माझ्या बाजूने आहे. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्या बाबतीत धर्म-जातीवरून अडवायला मनाई आहे. भाड्याच्या खोलीचा त्यात उल्लेख नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतंच ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. म्हणजे 'आमच्यात आम्हीच' म्हणायला वाव आहे.

पण कायद्याने वाव असणं आणि वागणं योग्य असणं यात अंतर आहे. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, कारण काय तर त्या महाराष्ट्रीय आहेत. त्यांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. सगळा महाराष्ट्र चिडला आणि बरोबरच चिडला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की इमारत त्यांची आहे, त्यांना मराठी खाणं-बोलणं आवडत नसेल. ज्यांना तेव्हा आतून काहीतरी लागलं, त्यांनी ते लागणं विसरू नये. मुसलमानाला, पारध्याला, महार-मांगाला खोली नाकारली जाते तेव्हा नेमकं तेच आणि तिथेच लागतं.

नावडीच्या हातात चावी आली की ती साधी नावड राहत नाही, हे मला आता कळतं. मला घोरपडीचं मटण नको वाटणं ही माझी बाब आहे. माझ्या ताटापुरती ती मी ठेवू शकतो. त्या नावडीच्या नावाने मी कुणाचं घर, पाणी, नोकरी, शाळेचा प्रवेश अडवला तर ती माझी बाब राहत नाही. पंढरपूर आमच्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. तिथल्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं आणि देवाच्या दाराशी सोवळ्याचा प्रश्न अडला होता. दार अडवणाऱ्यांतले सगळेच काही दुष्ट नसतील. अनेकांना मनापासून वाटत असेल की आपण फक्त आपली रीत सांभाळतो आहोत. मलाही खोली नाकारताना तसंच वाटलं होतं.

म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले आहेत. एखादा माणूस नकोसा वाटला की ते विचारायचे.

पहिला, हीच गोष्ट माझ्या माणसाने केली असती तर मला एवढीच खटकली असती का? मावशी या प्रश्नात पास झाली होती, सुनेच्या माहेराचा दाखला देऊन.

दुसरा, त्या माणसाने ते केलं आहे, की मी त्याच्या नावावरून धरून चाललो आहे? आणि खरं कळल्यावर माझं मत हलतं का?

तिसरा, माझ्या नावडीची किंमत कोण भरतं आहे? माझी भाकरी मी फडक्यात बांधून आणली आहे, की दुसऱ्याला उपाशी ठेवतो आहे?

या तिन्ही प्रश्नांतून गेल्यावर जी नावड शिल्लक राहील ती खुशाल ठेवा. तिची लाज बाळगायचं कारण नाही. सगळ्यांना सगळं आवडलं पाहिजे, सगळ्यांनी सगळ्यांच्या ताटात जेवलं पाहिजे, अशी सक्ती मला मान्य नाही. तसं एकत्र राहणं फोटोपुरतं असतं. आमच्या गावात माणसं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या कितीतरी गोष्टी नापसंत करत शेजारी राहिली आहेत. अडीनडीला एकमेकांच्या दारात उभी राहिली आहेत, मयताला खांदा दिला आहे.

त्या मास्तरांना मी दोन महिन्यांनी चौकातल्या टपरीवर गाठलं. तोवर त्यांना दुसरीकडे, गावाबाहेर, पत्र्याची खोली मिळाली होती. मी म्हणालो, "सर, माझ्याकडे कुणी पाहुणे येणार नव्हते."

ते हसले. म्हणाले, "माहीत होतं चाचा. तुम्ही निदान पाहुण्यांचं तरी सांगितलं. बाकीच्यांनी दारातूनच हात हलवला."

मी त्यांना म्हणालो की खोली अजून रिकामी आहे, या राहायला. त्यांनी वर्षभराचं भाडं तिकडे भरलेलं होतं. नसतं भरलं तरी ते आले असते का, मला सांगता येत नाही. मीही त्या पुण्याच्या काकांकडे परत गेलो नसतो.

यंदा माझी मुलगी शिकायला पुण्याला चालली आहे. परवा तिने विचारलं, "अब्बा, खोलीसाठी फोन करताना नाव आधी सांगू की नंतर?" तिच्या मैत्रिणींनी सल्ला दिला आहे की आधी फक्त लाडाचं नाव सांग, ते दोन्हीकडे चालतं. घर बघून झालं, ओळख झाली की मग पूर्ण नाव.

मी तिला दादीची गोष्ट सांगितली. दादी पाणी विचारायच्या आधी सांगायची की आम्ही मुसलमान आहोत. समोरच्याला आपली रेघ कुठे ओढायची ते ठरवायची मोकळीक ती द्यायची आणि मग आपलंही ठरवायची. "पूर्ण नाव सांग," मी म्हणालो. "नकार यायचा असेल तर पोहे खायच्या आधी येऊ दे."

ती म्हणाली, "आणि आपल्या वरच्या खोलीचं काय? तिथे येणाऱ्याला तुम्ही आडनाव विचारणार का?"

लेख लिहायला बसलो तो या प्रश्नामुळे. खोली अजून रिकामीच आहे. दारावर पाटी लावली आहे, त्यावर भाडं लिहिलं आहे, पाण्याची वेळ लिहिली आहे. जो येईल त्याला एवढंच विचारायचं, असं घरात ठरलं आहे: भाडं परवडतंय का आणि राहायला कधी येताय.